अन्नाचा पत्ता सांगणं हेही अन्नदानच

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
*गुरुवारचं चिंतन*



आजचा विषय अन्नदान. कुणी म्हणेल, हा विषय तर दर पौर्णिमेला असतो. खरं आहे. पण दरवेळी आपण देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. किती पानं उठली, किती क्विंटल तांदूळ लागला, कुणाकडून तुपाचा डबा आला. आज जरा घेणाऱ्याच्या बाजूने बसून बघू. कारण हे चिंतन ज्या घरांत वाचलं जातं, त्यांतल्याच काही घरांत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात डब्यांचे तळ दिसू लागतात. कुणाची नोकरी सुटलेली असते, कुणाच्या औषधांचा खर्च वाढलेला असतो, कुणी म्हातारपणी एकटं राहत असतं. आणि ते घर कुणाला काही सांगत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "छे हो, महाराजांच्या कृपेने सगळं छान चाललंय."

महाराजांची कृपा आहेच. पण ती कृपा कुठल्या वाटेने घरात येते, ती वाट आपणच लाजेने बंद करून ठेवलेली असते.

*गाणगापूरची झोळी*

आपल्यापैकी बहुतेक जण गाणगापूरला जाऊन आलेत. बेळगावची मंडळी जातात, हैदराबादची जातात, इंदूर-ग्वाल्हेरहून रेल्वेने लांबचा प्रवास करून जातात. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान होतं, निर्गुण पादुकांचं दर्शन होतं, आणि मग दुपारी माधुकरी. झोळी घ्यायची, पाच घरी उभं राहायचं आणि जे पदरात पडेल ते प्रसाद म्हणून खायचं. दत्तमहाराज दुपारी तिथे भिक्षेला येतात अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून दारात आलेल्या कुणालाही तिथे परत पाठवत नाहीत. कोण जाणे, कुठल्या रूपात स्वामी उभे असतील.

आता जरा विचार करा. गाडीने आलेला, चांगल्या पगाराचा माणूस तिथे झोळी पसरतो. बँकेतले साहेब पसरतात, डॉक्टर पसरतात, सोन्याच्या बांगड्या घातलेल्या काकूही पसरतात. कुणाला लाज वाटते का? उलट घरी येऊन आपण कौतुकाने सांगतो, "पाच घरची माधुकरी मिळाली हो, काय गोड लागली ती भाकरी!"

आणि तोच माणूस गावी परतल्यावर खरोखरच अडचणीत आला, तर रेशनच्या रांगेत उभं राहताना तोंडावर रुमाल ओढतो. गुरुद्वाऱ्याच्या लंगरपाशी जाऊन मागे फिरतो. शेजारीण डबा घेऊन आली तर "आत्ताच जेवलो" म्हणतो. गाणगापूरला झोळीची लाज नव्हती, मग ती इथे कुठून आली? तिथे आपण धरून चाललो होतो की देणारा दत्त आहे. घरी आल्यावर देणारा सरकार झाला, शेजारी झाला, ट्रस्ट झाली, आणि आपण लहान झालो. देणारा एकच आहे, हे गाणगापुरात कळलं असेल तर ते आपल्या गल्लीतही कळायला हवं.

समर्थांनी दासबोधात चौदाव्या दशकातला एक अख्खा समास भिक्षेवर खर्ची घातला आहे. भिक्षेने अहंकार झिजतो, लोकांची ओळख होते, कोणत्या घरात काय चाललंय ते कळतं, असा त्यांचा विचार. मागणं ही त्यांनी साधना मानली.

*भास्कराचं गाठोडं*

गुरुचरित्राच्या अडतिसाव्या अध्यायातली गोष्ट आपण पारायणात दरवर्षी वाचतो. भास्कर नावाचा एक गरीब ब्राह्मण गाणगापूरला आला. श्रीगुरूंना भिक्षा घालायची इच्छा होती, म्हणून तिघांपुरता शिधा गाठोड्यात बांधून आणला होता. पण तिथे रोज कुणी ना कुणी मोठ्या माणसाची समाराधना असे, आणि याला जेवायचं आमंत्रण त्यातच होऊन जाई. असे तीन महिने गेले. गाठोडं तसंच उशाशी. लोक हसू लागले. म्हणाले, आणलाय एवढासा शिधा, आणि रोज जेवतोय दुसऱ्यांकडे!

हे हसणं आपल्या ओळखीचं आहे ना? जो घेतो त्याच्याकडे बघून हसणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

श्रीगुरूंनी काय केलं? त्यांनी भास्कराला फटकारलं नाही आणि परतही पाठवलं नाही. म्हणाले, आज तू स्वयंपाक कर. आणि त्याच तिघांपुरत्या अन्नावर वस्त्र झाकून चार हजार माणसं जेवली. गावातलं लहानथोर कुणी उपाशी राहिलं नाही.

आपण या कथेत चमत्कार बघतो आणि पान उलटतो. पण एक बारीक गोष्ट बघा. चार हजारांना जेवू घालणारा तो कोण होता? जो तीन महिने दुसऱ्यांच्या पंगतीत जेवला होता, तोच. श्रीगुरूंच्या दरबारात घेणारे वेगळे आणि देणारे वेगळे अशा दोन रांगा नाहीत. रांग एकच आहे. आज तुम्ही पाटावर बसलात, उद्या वाढपी म्हणून उभे राहाल. आज वाढणारा उद्या पाटावर बसेल. ज्याला घेता येत नाही त्याचं देणंही खरं नसतं, कारण त्याच्या मनात देणारा म्हणजे वरचा आणि घेणारा म्हणजे खालचा, असंच असतं.

आपल्या घराण्यांचा इतिहास आठवा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत आजोबा-पणजोबा सांगायचे, "आम्ही वार लावून शिकलो." सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, बुधवारी तिसऱ्या. सात दिवस सात घरची भाकरी खाऊन पोरं शिकली, मास्तर झाली, वकील झाली. आणि नोकरी लागल्यावर त्यांच्याही घरी कुणा गरीब मुलाचा वार ठरलेला असे. फेड झाली ती अशी. ज्याने दिलं त्यालाच परत करायचं नव्हतं, पुढच्याला द्यायचं होतं. आज आपण त्या पणजोबांचा फोटो दिवाणखान्यात अभिमानाने लावतो. त्यांच्याच नातवाने अडचणीत एखाद्या दारी जेवण घेतलं, तर घराण्याची अब्रू कशी जाईल?

*शिधा या शब्दाचा मान*

शिधा म्हणजे अतिथीला, यात्रेकरूला, सत्पुरुषाला सन्मानाने द्यायचं कोरडं धान्य. डाळ, तांदूळ, पीठ, मीठ, तेल, गूळ. देवळात आलेल्या माणसाला विचारायचे, "शिजवलेलं घेता की शिधा देऊ?" त्याने हवं ते घ्यावं. आणि सरकारच्या रेशन कार्डाला आपल्या भाषेत काय म्हणतात? शिधापत्रिका. म्हणजे शब्दानेच सांगून ठेवलंय की हे दान नाही, हा मान आहे.

कायद्यानेही तो हक्क आहे. 2013 साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. त्याप्रमाणे प्राधान्य गटातल्या कुटुंबाला दर महिन्याला माणशी 5 किलो धान्य, आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो. आधी त्याला किलोमागे एक ते तीन रुपये पडत. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत झालं आणि 1 जानेवारी 2024 पासून पुढची पाच वर्षं ते मोफतच राहील असं केंद्राने ठरवलं. इंदुरात कुणी कंट्रोलचं दुकान म्हणतं, कुणी सोसायटी म्हणतं, कुणी रेशन म्हणतं. नाव काही असो, जे आपल्या नावावर आहे ते घ्यायला लाजायचं कारण नाही.

*कोठार भरलेलं आणि माणूस उपाशी*

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. बहामनी राजवट, मोठा दुष्काळ, लोक अन्नावाचून तडफडतायत आणि सरकारी कोठारं धान्याने भरलेली. दामाजीपंतांनी कुलूप काढलं आणि धान्य वाटलं. बीदरच्या बादशहाने पकडून आणायला माणसं पाठवली, तेव्हा विठुरायाने विठू महाराचं रूप घेऊन दरबारात सगळी रक्कम भरली, अशी ती कथा.

त्या काळी माणूस आणि अन्न यांच्यामध्ये कुलूप होतं. आज पुष्कळ ठिकाणी कुलूप नाही, पण माणूस तरीही उपाशी आहे. का? कारण त्याला पत्ता माहीत नाही. किंवा पत्ता माहीत आहे पण फॉर्म वाचता येत नाही. किंवा लाज वाटते. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मंडळींची अडचण तर आणखीच वेगळी. घरात मराठी, पण बेळगावात अर्ज कन्नडमध्ये, बडोद्यात गुजरातीत, हैदराबादेत तेलुगूत. आजीला ती लिपी वाचता येत नाही, म्हणून ती त्या कचेरीची पायरीच चढत नाही. तिचा नातू मात्र शाळेत ती भाषा शिकलेला आहे आणि फोनवर दिवसभर बोटं फिरवतो आहे. अर्धा तास त्याने आजीसाठी काढला, तर तोच त्या घरचा दामाजीपंत.

म्हणून आजच्या चिंतनाचं सार एका वाक्यात सांगतो. *ज्याच्याकडे द्यायला धान्य नाही, त्याने धान्याचा पत्ता सांगावा. तेही अन्नदानच आहे.*

*एका ताईंचा डबा*

आपल्या एका केंद्रातली गोष्ट. गावाचं आणि कुणाचं नाव घेत नाही. एक ताई दर गुरुवारी महाप्रसादाच्या सेवेला येत. भांडी घासण्यापर्यंत थांबत आणि जाताना उरलेला भात-वरण पिशवीत बांधून नेत. "गल्लीतल्या कुत्र्यांना घालते हो." वर्षभर सगळे म्हणत, काय भूतदया! मग एकदा एक काकू त्यांच्या घरी अंगारा द्यायला गेल्या. दार उघडलं तेव्हा ताई आणि त्यांची दोन मुलं तोच भात गरम करून खात बसली होती.

काकूंनी काय केलं ते फार महत्त्वाचं आहे. त्या आत गेल्या नाहीत, "अगं बाई" केलं नाही, गटावर लिहिलं नाही. अंगारा दिला आणि परत आल्या. पुढच्या गुरुवारपासून केंद्रात एक नवी पद्धत सुरू झाली. सेवेला येणाऱ्या प्रत्येकाचा डबा पंगत बसायच्या आधीच, ताजा, भरून ठेवायचा. अध्यक्षांचाही, ट्रस्टींचाही, त्या ताईंचाही. सगळ्यांना सारखाच. कुणाला मागावं लागलं नाही, कुणाला खोटं बोलावं लागलं नाही.

मग महिनाभराने, विश्वास बसल्यावर, काकूंनी हळूच विचारलं, "तुमचं रेशन कुठे आहे हो?" तेव्हा कळलं की यजमान गेल्यापासून कार्ड सासरच्या गावी पडून आहे, दुसऱ्या राज्यात. दोन दिवसांची मजुरी बुडवून तिकडे जाणं परवडत नाही. काकूंच्या मुलाने माहिती काढली. "एक देश, एक रेशन कार्ड" ही सोय 2022 पासून सगळ्या राज्यांत आहे. आधारशी जोडलेलं कार्ड असेल, तर आपण राहतो तिथल्या रेशन दुकानात अंगठा लावून केंद्राच्या वाट्याचं धान्य घेता येतं. ताईंना ते ठाऊकच नव्हतं. सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. आज त्यांना तिथेच धान्य मिळतं, आणि गुरुवारी त्या पूर्वीसारख्याच भांडी घासायला येतात. फरक इतकाच की आता पिशवी लपवत नाहीत.

*अन्न कुठे कुठे आहे?*

हे नीट वाचा आणि घरच्यांना वाचून दाखवा.

१) *रेशन.* कार्डावरच्या सगळ्या माणसांची आधार जोडणी आणि अंगठ्याची पडताळणी, जिला ई-केवायसी म्हणतात, ती झाली आहे का ते दुकानात विचारा. म्हाताऱ्या माणसांचे, धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे ठसे झिजलेले असतात. त्यांना डोळ्यांची पडताळणी किंवा मोबाइलवरचा ओटीपी चालेल का ते विचारा. केवळ अंगठा उमटत नाही म्हणून हक्काचं धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या सूचना आहेत. नवी सून, नवं बाळ यांचं नाव घालायचं राहिलेलं असतं, तेही बघा. कायद्याने कार्डाची कुटुंबप्रमुख घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री असते. तक्रार असेल तर 1967 हा क्रमांक आहे, आणि जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारीही असतो.

२) *अंगणवाडी आणि शाळा.* गरोदर बाईला आणि बाळंतिणीला सहा महिन्यांपर्यंत, तसंच सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून मोफत आहार मिळतो. सरकारी आणि अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचं जेवण मिळतं. "आपली मुलं कशाला ती खिचडी खातील" असं म्हणून काही आया मुलांना ताटावर बसू देत नाहीत. माउलींनो, ती पंगतच आहे. मुलाला पंगतीतून उठवू नका.

३) *देवस्थानं.* अक्कलकोटचं अन्नछत्र, शेगाव आणि गोंदवले इथला प्रसाद आपल्याला माहीत आहे. पण रोजच्या भुकेला इतकं लांब कोण जाणार? म्हणून आपल्याच शहरातल्या देवळात, मठात कोणत्या वारी महाप्रसाद असतो ते विचारून ठेवा. बेळगावकडच्या लोकांना लिंगायत मठांचा दासोह परका नाही. हुबळीच्या सिद्धारूढ मठात आलेल्याला जेवण मिळतं. गोव्यात उत्सवाच्या दिवशी बहुतेक मोठ्या देवळांत महाप्रसाद असतो, तिथे एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना सोबत घेऊन जा. इंदूरकरांनी तर अहिल्यादेवींचं नाव घेतलं की पुरे. तीर्थक्षेत्री घाट बांधले तशी अन्नछत्रंही त्यांनी घातली.

४) *गुरुद्वारा.* लंगर सगळ्यांना खुलं असतं. जात, धर्म, पगार कुणी विचारत नाही. डोकं झाकायचं, पाय धुवायचे, पंगतीत बसायचं. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे, बीदरला नानक झिरा साहिब आहे, नांदेडला हुजूर साहिब. आणि परकेपणा वाटून घेऊ नका. आपल्या नामदेवरायांची 61 पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत. जिथे आपल्या शिंप्याच्या पोराचा शब्द मस्तकी धरतात, तिथली डाळरोटी आपल्याला परकी कशी असेल?

५) *अल्प दरातली थाळी.* कर्नाटकात इंदिरा कँटीन, मध्य प्रदेशात दीनदयाल रसोई, हैदराबादेत महानगरपालिकेची पाच रुपयांची थाळी, गुजरातेत मजुरांसाठी श्रमिक अन्नपूर्णा. हे फुकट नाही, पण पाच-दहा रुपयांत पोट भरतं. आपल्या जवळचं केंद्र कुठे आहे, किती वाजता सुरू होतं, हे प्रत्येक गटाने प्रत्यक्ष जाऊन बघून यावं. वेळा बदलतात, ऐकीव माहितीवर म्हाताऱ्या माणसाला उन्हात पाठवू नका.

६) *लग्नकार्यातलं उरलेलं.* कार्य संपल्यावर नव्हे, पंगत चालू असतानाच अंदाज घ्या आणि फोन करा. न हाताळलेलं, गरम, झाकलेलं अन्न लगेच पोचलं तर ते अन्नदान. दुसऱ्या दिवशीचा आंबलेला मसालेभात वाटला, तर ते फक्त आपलं पातेलं रिकामं करणं. पुष्कळ शहरांत तरुण मुलांच्या संस्था हे काम करतात. 2014 मध्ये दिल्लीत सुरू झालेली रॉबिन हूड आर्मी त्यांतलीच. त्यांचा क्रमांक कार्यालयाच्या मालकाकडे आधीच देऊन ठेवा.

*देणाऱ्यांनी काय पाळावं*

तैत्तिरीय उपनिषदात भृगूची कथा आहे. ब्रह्म म्हणजे काय, हे शोधायला तो तपाला बसला. त्याला पहिल्यांदा कळलं ते हे की अन्न हे ब्रह्म आहे. नंतर तो पुढे पुढे गेला, आनंदापर्यंत पोचला. पण तिथे पोचल्यावरही उपनिषद अन्नाला विसरत नाही. अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न वाढवावं, दारी आलेल्याला परत पाठवू नये, ही व्रतं तिथे शेवटी सांगितली आहेत. म्हणजे ज्ञान झाल्यावरची पहिली कसोटी कोणती, तर तुमच्या दारातून कुणी उपाशी गेलं का.

म्हणून काही साधे नियम.

शिधा देताना फोटो काढायचा नाही. आपल्याला पुण्य हवंय की "लाइक" हवंत, ते आधी ठरवा. पिशवी हातात घेतलेल्या बाईचा खाली घातलेला चेहरा गटावर गेला, तर पुढच्या महिन्यात ती येणार नाही. आणि तिची मुलं उपाशी राहिली त्याचं पाप त्या फोटोच्या खात्यावर.

जे आपल्या घरात शिजवू, तेच द्यायचं. किडे पडलेली डाळ आणि तारीख उलटलेलं तेल देवाला चालत नाही, मग माणसाला कसं चालेल? पिशवीत फक्त तांदूळ-साखर नको. तूरडाळ, पीठ, तेल, मीठ, तिखट, हळद, शेंगदाणे, चहा पावडर असू द्या. मधुमेहाचं माणूस असेल तर साखरेऐवजी डाळ वाढवा. दात नसलेल्या आजीला मुगाची डाळ द्या, मऊ खिचडी तरी होईल. गॅस संपलेल्या घरी कोरडा शिधा देऊन काय उपयोग, तिथे चार दिवस शिजवलेला डबा न्या.

दारात उभं राहून चौकशी करायची नाही. "मुलगा काय करतो? मग तो बघत नाही का?" हा प्रश्न म्हणजे अन्नात मिसळलेला खडा. जेवताना तोच दाताखाली येतो.

आणि रोज एक मूठ. सकाळी भात लावताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचा, महाराजांच्या नावाने. महिन्याअखेरीस तो डबा केंद्रात आणायचा. कुणाची मूठ मोठी, कुणाची लहान, ते विचारायचं नाही. ज्या घरात आज शिधा जातो त्या घरानेही मूठ टाकावी. त्या मुठीने त्या घराची मान ताठ राहते. भास्कराचं गाठोडं तिघांपुरतंच होतं, हे विसरू नका.

*आणि ज्याच्या घरी आहे त्याच्यासाठी*

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर चिंतन अर्धं राहील. ज्याला गरज नाही त्याने गरिबाच्या वाट्याचं कार्ड धरून ठेवू नये. रेशनचा तांदूळ उचलायचा आणि "आम्ही हा खात नाही" म्हणून दारावरच्या माणसाला विकायचा, असं आपल्यातही घडतं. खात नाही, तर नाव कमी करून घ्या. त्या दाण्यावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितलंय, जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात. मग दुसऱ्याच्या वाट्याचं विकून खाणाऱ्याला काय म्हणावं, ते ज्याचं त्याने मनाशी ठरवावं.

पण कुणी म्हणेल, "असं वाटत सुटलं तर लोक गैरफायदा घेतील." घेतील एक-दोघं. पंगतीत एखादा जिलबी जास्त उचलतो म्हणून आपण पंगत उठवतो का? एक भरल्या पोटी जेवून गेला तर चार घास गेले. एक उपाशी परत गेला तर आपलं सगळं पारायण गेलं.

*या आठवड्याचा संकल्प*

तीनच गोष्टी.

पहिली, प्रत्येक कुटुंब-गटातल्या एका तरुणाने आपल्या भागातलं रेशन दुकान, अंगणवाडी, लंगर, महाप्रसादाचे वार आणि स्वस्त थाळीचं ठिकाण, प्रत्यक्ष जाऊन खात्री करून, वेळांसह मराठीत लिहून काढावं आणि गटात सगळ्यांसाठी टाकावं. सगळ्यांसाठी, म्हणजे कुणा एकाकडे बोट जाणार नाही.

दुसरी, नात्यात किंवा शेजारी एकटं राहणारं जे माणूस असेल, त्याच्याकडे जाऊन बसा. "काही हवंय का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "नको" असतं. "तुमचं रेशन यंदा आलं का हो? आमचं आलं," असं बोला. बोलणं आपोआप पुढे जाईल. मदत करायची ती खासगीत करा, गटावर नाव नको.

तिसरी, आणि ही फक्त त्यांच्यासाठी ज्यांच्या घरी आज डब्याचा तळ दिसतोय. आपल्या केंद्रातल्या एका माणसाला, ज्याच्यावर विश्वास आहे त्याला, एक फोन करा. तुम्ही मागितलंत म्हणून कुणीतरी देऊ शकेल. गाणगापूरला तुमच्या झोळीत भाकरी घालणाऱ्या त्या माउलीला तुमच्यामुळेच पुण्य लाभलं होतं. ते पुण्य इथल्या कुणाला तरी मिळू द्या. अडचण सरेल, दिवस फिरतील, आणि एखाद्या गुरुवारी वाढायची पळी तुमच्या हातात येईल. तोवर निःशंक मनाने पाटावर बसा. महाराज पंगतीतच आहेत, कधी आपल्या समोर, कधी आपल्या शेजारी.

हा संदेश आपापल्या घरच्या गटांत पाठवा, आणि ज्यांना फोन वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

अन्नदाता सुखी राहो, अन्न घेणाराही सुखी राहो.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏